थोरली गाठ, धाकटी गाठ

मी सालेकसात शिवणाचं दुकान चालवते. ब्लाऊज, परकर, लेकरांचे शाळेचे कपडे, लग्नसराईत घागरे. माप द्यायला बाई समोर उभी राहिली की टेप कमरेभोवती फिरेस्तोवर तिचं घरचं, शेतीचं आणि पोटाचं सगळं बाहेर येतं. त्यामुळे गर्भाशयातल्या गाठींविषयी मी स्वतः आजारी पडायच्या आधीच पुष्कळ ऐकलेलं होतं, आणि त्यातलं बरंचसं काही कामाचं नव्हतं. खाली लिहिलंय ते माझ्या दोन गाठींनी, थोरल्या जावेच्या ऑपरेशनने आणि भेटलेल्या डॉक्टरांनी शिकवलेलं. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं येतील ती ओळख व्हावी म्हणून; मेडिकलवर जाऊन मागायला नाहीत.

१. आधी रक्त बघा, मग गाठ

सोनोग्राफीचा कागद आला की घरातले सगळे गाठीच्या मापावर तुटून पडतात. माझ्या कागदावर दोन गाठी होत्या, एक ६.२ सेंटिमीटर आणि दुसरी जेमतेम २. पण घाई करण्यासारखा आकडा दुसऱ्याच कागदावर होता. हिमोग्लोबिन ६.८. बाईमाणसाचं १२ च्या वर हवं. ८ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने तो तीव्र रक्तक्षय.

गंमत म्हणजे एवढं रक्त कमी असून मी रोज दुकान उघडत होते. महिन्या-महिन्याने थोडं थोडं कमी होत गेलं की अंग त्याची सवय करून घेतं. पायमशीनवर दम लागायला लागला तेव्हा घरच्यांनी मोटर बसवून दिली, विषय संपला. आणखी एक होतं. तांदूळ निवडताना चार कच्चे दाणे तोंडात टाकायचे, मग मूठभर, मग पदराला बांधून दुकानात. आमचा मुलूख धानाचा, इथे कच्चे तांदूळ खाणाऱ्या बाईकडे कोणी वळूनही बघत नाही. गोंदियाच्या डॉक्टर मॅडमनी मात्र तेच आधी विचारलं, "तांदूळ, माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?" शरीरात लोह फार कमी झालं की अशी भूक लागते.

लोहाची गोळी चहासोबत घेतली तर निम्मी वाया जाते. लिंबूपाण्यासोबत घ्यावी; चहा आणि दूध तास-दोन तास लांब ठेवावं. संडास काळी होते, घाबरू नये. तरोट्याची, अंबाडीची भाजी जरूर खावी, पण दर महिन्याला एवढं रक्त जात असताना नुसत्या भाजीवर भरपाई होत नाही. मला शेवटी शिरेतून लोह द्यावं लागलं, सलाईनसारखं. त्यानंतर महिनाभरात तांदळाची भूक आपोआप गेली.

२. "खूप जातं" म्हणू नका, मोजून सांगा

"किती जातं?" या प्रश्नाला आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे "खूप". त्यावरून डॉक्टर काय ठरवणार? मी कालनिर्णयवर खुणा करायला लागले. पाळीचा दिवस असेल तर टिंब, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं तर टिंबाभोवती गोल, गाठी पडल्या तर फुली. भिंतीवरचं कॅलेंडर सासरे, दीर, दुधवाला सगळेच बघतात. त्यांना वाटलं दुधाचा हिशोब आहे. चार महिन्यांची पानं फाडून मी डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा तपासणीच्या टेबलावर जाण्याआधीच अर्धं निदान झालं होतं.

लघवीला किती वेळा उठता, पोट साफ होतं का, कंबर कुठे दुखते, हेही लिहावं. गाठ पुढे असेल तर मूत्राशय दाबते, मागे असेल तर मोठं आतडं. माझ्या परकराची कंबर वर्षभरात दोन वेळा वाढवावी लागली, हात-पाय होते तेवढेच. शिवणाऱ्या बाईला हे माप खोटं सांगता येत नाही.

३. गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे ते विचारा

माझ्या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

या गाठी म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूच्याच वाढी, फायब्रॉईड. कर्करोग नव्हे. कोणाच्या बाहेरच्या अंगाला वाढतात, कोणाच्या भिंतीच्या जाडीत, आणि कोणाच्या आतल्या पोकळीकडे डोकावतात. बाहेरची गाठ बरीच मोठी होऊनही पाळीत काडीचा फरक पडत नाही, बाईला पत्ताही लागत नाही. आत डोकावणारी गाठ लहानशी असली तरी आतलं अस्तर ताणते आणि गर्भाशयाला नीट आवळू देत नाही, म्हणून रक्त थांबता थांबत नाही.

माझी ६.२ ची थोरली मागच्या भिंतीत, बाहेरच्या बाजूला झुकलेली. २ सेंटिमीटरची धाकटी पोकळीत. पहिल्या ठिकाणी, एका खासगी दवाखान्यात, बोलणं झालं ते थोरलीचंच. "सहा सेंटिमीटरची आहे, पिशवी काढावी लागेल, पुढच्या आठवड्यात या." कागदावर धाकटीच्या पुढे 'सबम्युकोसल', म्हणजे पोकळीकडे डोकावणारी, असा शब्द छापलेला होता, तो कोणी वाचून दाखवला नाही. पुढे गोंदियात आतून केलेल्या सोनोग्राफीत नीट दिसलं की पाळीचा सगळा गोंधळ धाकटीचा आहे. थोरली लघवीला जरा वरचेवर उठवत होती, आणखी काही नाही.

घरात हे कोणाला पटेना. सासूबाई म्हणाल्या, "एवढी मोठी ठेवाची अन् लहान काढाची? उलटंच सांगतेत वो तुये डॉक्टर." उलटं वाटतं खरं.

म्हणून रिपोर्ट हातात आला की एवढं तरी विचारून घ्यावं: गाठी किती, प्रत्येक कोणत्या थरात, पोकळीचा आकार बिघडलाय का, आणि माझा त्रास यांतल्या नेमक्या कोणत्या गाठीचा?

४. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर आधी ती करा

हे पुण्या-मुंबईच्या बाईला कोणी सांगणार नाही, पण गोंदिया-गडचिरोलीकडे सांगायलाच हवं. आपल्या पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि रक्त कमी असण्याचं खापर सरसकट पाळीवर फोडता येत नाही. ज्याला हा आजार आहे त्याला भूल देताना, रक्त चढवताना, शस्त्रक्रियेनंतर, सगळीकडे वेगळी काळजी घ्यावी लागते. इस्ट्रोजेन असलेल्या आणि रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्या देतानाही डॉक्टर दोनदा विचार करतात, कारण रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, गावोगाव तपासणी होते. कार्ड मिळालं असेल तर ते फाईलमध्ये सगळ्यांत वर लावा. माझी तपासणी साफ निघाली. दुकानात येणाऱ्या एका मुलीची तशी निघाली नाही, आणि तिच्या डॉक्टरांनी औषधाचा पूर्ण बेतच बदलला.

५. औषध वेळ देतं. तो वेळ कशासाठी हवा ते ठरवून घ्या

गोळ्यांनी गाठ विरघळते असं सांगणारा भेटला तर नमस्कार करून उठावं. गाठी आपल्याच अंगातल्या संप्रेरकांवर वाढतात आणि पाळी कायमची गेल्यावर हळूहळू आकसतात. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते. मी तेव्हा ४४ ची. म्हणजे अडीच-तीन वर्षं निभावली तर बरंच काही आपोआप सुटण्यासारखं. तिशीतल्या बाईचं गणित निराळं, तिला तोच रस्ता पंधरा वर्षांचा पडेल. मूल हवं असेल तर आणखी निराळं, कारण यांतली बरीच औषधं चालू असताना दिवस राहत नाहीत.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड फक्त पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायचं. गाठीला ते हातही लावत नाही, रक्त कमी करतं. आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर चालत नाही. मेफेनॅमिक ॲसिड दुखणं कमी करतं, रक्तही थोडं. माझे पहिले महिने या दोघांनी ओढले.

नॉरएथिस्टेरॉन ही गोळी आपल्या ओळखीची आहे. घरात पूजा आली, लग्न आलं की पाळी पुढे ढकलायला बायका घेतात तीच. रक्त थांबवायला डॉक्टर ती ठरावीक दिवस देतात. मधेच बंद केली की दोन-चार दिवसांत पाळी येते आणि कधी जोरात येते. "गोळीनं वाढलं" अशी तिची बदनामी यातूनच झाली आहे. सुरू कधी, बंद कधी, हे लिहून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये.

'छाया' ही आशाताईंकडे मिळणारी सरकारी गोळी. हीच बाजारातली 'सहेली'. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, संप्रेरक नसलेली, गर्भनिरोधक म्हणून १९९१ पासून वापरात. जास्त पाळीवरही डॉक्टर ती देतात. काहींना चांगली लागू पडते. मला पोकळीतल्या गाठीमुळे तिचा भरवसा नाही असं सांगितलं.

तांबीसारखी पण संप्रेरक सोडणारी एक वस्तू गर्भाशयात बसवतात. पाळी अगदी थोडी होते, कित्येकींची बंदच पडते, आणि पाच वर्षं तरी काम देते. पोकळी सरळ असेल तर पिशवी काढण्याआधी हिचा विचार झालाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. माझी पोकळी सरळ नव्हती, वस्तू खाली घसरून पडण्याची शक्यता जास्त.

ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं महिन्याला एक. पाळी बंद, गाठ तीनेक महिन्यांत बरीच लहान, पण अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होण्याची भीती, आणि बंद केलं की गाठ पुन्हा वाढते. त्यामुळे ही शस्त्रक्रियेच्या आधी रक्त वाढवून घ्यायला आणि गाठ लहान करून घ्यायला देतात. अमेरिकेत २०२१ मध्ये रेलुगोलिक्स नावाच्या औषधाची एकत्रित गोळी फायब्रॉईडच्या रक्तस्रावासाठी मंजूर झाली. त्याआधी युरोपात युलिप्रिस्टल खूप चाललं, पण यकृत निकामी झाल्याची काही प्रकरणं पुढे आल्यावर २०२० मध्ये त्यावर कडक बंधनं आली. नवं औषध ऐकून हुरळून जाऊ नये एवढ्यासाठी हे सांगितलं.

मला वेळ हवा होता तो दोन कामांसाठी. हिमोग्लोबिन १० च्या वर न्यायचं होतं, आणि धान घरात यायचं होतं.

६. "काढून टाक ना वो" याला घाईने होकार देऊ नका

दुकानात माप देता देता बायका सहज सांगतात, "मी तं काढूनच टाकली. लेकरं झाली, आता ठेवून का कराची?" या बोलण्यात दुष्टावा नाही. रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून उभं राहायचं, कपडा बदलायला आडोसा नाही, मजुरी बुडवता येत नाही. अशा बाईला दर महिन्याची कटकट एकदाची मिटणं केवढं वाटत असेल! मी तिला नावं ठेवणार नाही.

पण याच गरजेचा कसा बाजार मांडला जातो ते महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. म्हणजे "खरंच गरज आहे का?" असं विचारणारी बाई काही शंकेखोर नाही, देशाच्या मोठ्या कोर्टानेही तेच विचारलं आहे.

पिशवी काढताना अंडाशय ठेवले तरी ते थोडे लवकर थकतात. अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास, वाफा, झोप उडणं, हाडांची झीज, एका दिवसात अंगावर येतात. फॉर्मवर सही करण्याआधी "अंडाशय ठेवणार का?" एवढं एक वाक्य तरी विचारावं. नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते हे तर कित्येकींना माहीतच नसतं. इंग्लंडचे सर्जन व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या पत्नीची पिशवी तरुणपणीच फायब्रॉईडपायी काढावी लागली होती, त्यांना मूल झालं नाही. शहरात आता मांडीच्या धमनीतून जाऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचाही उपाय आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या थोरल्या जावेच्या पोटात गाठींचा घोसच होता. पाचव्या महिन्याच्या गर्भाएवढं पोट, आणि मूत्रनळी दाबली जाऊन एका किडनीला सूज. तिने पिशवी काढली आणि बरं केलं. तिला गोळ्यांवर रेंगाळत ठेवणं हा गुन्हा झाला असता. गाठी काढून पिशवी ठेवली तर पुन्हा गाठी येऊ शकतात. पिशवीच काढली की तो प्रश्न कायमचा मिटतो, हा त्या ऑपरेशनचा खरा गुण आहे. घरात दोन जावा, आजाराचं नाव एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर.

७. कर्करोगाच्या भीतीने सही करू नका

"ठेवली तर कॅन्सर होईल" हे वाक्य फार स्वस्त झालंय. फायब्रॉईड समजून काढलेली गाठ कर्करोगाची निघते, पण क्वचित. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या बायकांत ३५० मागे १ असा अंदाज दिला होता. नंतरचे बरेच अभ्यास त्याहूनही कमी सांगतात. लक्ष द्यायचं ते वेगळ्या गोष्टींकडे: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, पाळी गेल्यावरही गाठ वाढत राहणं. पंचेचाळिशीनंतर अनियमित रक्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा. माझाही तपासला. साधा निघाला.

८. फाईल, गाडी आणि आरोग्यमित्र

आमच्या स्टेशनातून मुंबई-हावड्याच्या मोठ्या गाड्या धडधडत निघून जातात, थांबणाऱ्या थोड्या. गोंदियाला बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढचं काही लागलं तर नागपूर, नाहीतर राजनांदगाव-रायपूर. प्रत्येक फेरीला मजुरी बुडते, म्हणून फेरी वाया जाऊ देऊ नये. मी कापडाची एक पिशवी शिवली, आत कप्पे: रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, सिकलसेल, गोळ्यांची रिकामी पाकिटं, कालनिर्णयची पानं. सोनोग्राफीच्या फिल्मची घडी घालू नये, ती गुंडाळावी.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण कोणतं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं ते वेगवेगळं असतं. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्याला, गाठावं, रेशनकार्ड-आधार सोबत ठेवावं. खर्चाचं आधी विचारायला लाजू नये.

दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याने पहिला रागावतो ही आपल्या मनातली भीती. रागावला तर रागावला.

९. दिवस आपल्या सोयीने धरा

तातडी नसेल तर ऑपरेशन धान कापणी-चुरणीनंतर धरावं. पोट उघडून पिशवी काढली तर सहा आठवडे जड उचलायचं नाही असं सांगतात. आषाढात हे कोण पाळणार? जावेचं ऑपरेशन म्हणून पौषात केलं. तरी ती पंधराव्या दिवशी हंडा उचलायला निघाली, तिला हाताला धरून बसवावं लागलं.

माझं काम सोपं निघालं. नागपुरात कमरेत भूल देऊन, खालूनच दुर्बीण घालून धाकटी खरवडून काढली. पोटावर टाका नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तुकडा तपासायला गेला, साधा निघाला. आमच्या कचारगडची जत्रा भरली तोवर मी मशीनवर होते. पुढच्या पाळ्या अगदी माहेरच्या दिवसांसारख्या झाल्या असं म्हणणार नाही. पहिले दोन दिवस अजून जातं आणि तेव्हा ट्रॅनेक्झॅमिक घेते. पण हिमोग्लोबिन १२ च्या जवळ आहे आणि मशीनची मोटर मुलाने काढून दुसऱ्या मशीनला लावली.

१०. उरलेल्या गाठीसाठी नियम लिहून घ्या

थोरली आहे तशीच आहे, मागच्या वेळी ६.४ भरली. "आता हिचं काय?" असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागेच लिहून दिलं, आणि ते मी सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवलंय. वर्षातून एकदा सोनोग्राफी, सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन. लघवी अडली, किंवा वर्षभरात गाठ झपाट्याने वाढली, किंवा रक्त पुन्हा १० च्या खाली आलं, यांतलं एकही झालं तर लगेच यायचं, आणि मग थोरलीची किंवा अख्ख्या पिशवीची चर्चा. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात यायचं. बाकी वेळ दुकान.